तात्या विंचूचं दुसरं सोंग

आमच्या पट्ट्यात गुप्तहेराला कोणी गुप्तहेर म्हणत नाही. तो शब्द शाळेच्या पुस्तकातला, बहिर्जी नाईकांच्या धड्यापुरता. बोलताना आम्ही म्हणतो 'शीआयडी'. कोणी गुपचूप बघत असेल, नको त्या चौकशा करत असेल, एरवी कधी न येणारा पाहुणा चार दिवस मुक्काम ठोकून बसला असेल, तर तो शीआयडी. सुनेवर लक्ष ठेवणारी धाकटी नणंदसुद्धा शीआयडीच. पोलीस खात्याचा त्यात संबंध असेलच असं नाही.

पालघर, बोईसर, तारापूर या बाजूला हा शब्द जरा जास्तच चालतो, आणि त्याला कारण आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. कुंपण, पहारा, आत जाणाऱ्या गाड्या, आणि आत काय चालतं ते बाहेरच्याला दिसत नाही. मग काय, गावाच्या डोक्याला खाद्यच मिळालं. कल्हईवाला आला तरी पोरं त्याच्या भात्याकडे संशयाने बघायची. एकदा एक बाहेरगावचा माणूस गळ्यात दुर्बीण घालून सकाळ-संध्याकाळ खाडीवर बसायला लागला. गावातल्या पोरांनी दोन दिवस त्याची पाळत ठेवली, तिसऱ्या दिवशी घेरलं. त्याने शांतपणे दुर्बीण एकाच्या डोळ्याला लावली आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी दाखवले. वही उघडली, तर तिच्यात नुसते पक्ष्यांचे आकडे. पोरं हिरमुसली. परदेशाचा हेर सापडायच्या ऐवजी पाखरं मोजणारा निघाला.

हे सांगतोय ते मला एका सिनेमाविषयी लिहायचं आहे म्हणून. खरं तर दोन सिनेमांविषयी: महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला' आणि २०१३ चा 'झपाटलेला २'. त्यातही जास्त करून दुसऱ्याविषयी. पहिल्याला सगळेच चांगला म्हणतात. दुसऱ्याला नावं ठेवतात, आणि तरी टीव्हीवर लागला की रिमोट बाजूला ठेवून बघतात. आमच्या घरात मी हे पाहिलं आहे, शेजारीही पाहिलं आहे. असं का होतं, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी दहावी शिकलेला, शेती करणारा माणूस. सिनेमाची विद्या मला नाही. पण पीक बघून बियाणं कसं होतं ते सांगता येतं, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट. 'झपाटलेला' हा भुताचा सिनेमा आहे असं सगळे समजतात. माझ्या मते तो शीआयडीचा सिनेमा आहे. हेरांच्या इंग्रजी सिनेमाचा सांगाडा घेऊन त्यावर गावरान कपडे चढवलेत. आठवून बघा. जेम्स बाँडच्या सिनेमात काय असतं? जगभर बदनाम झालेला एक गुन्हेगार असतो. त्याला एक गुपित हवं असतं. ते गुपित एका म्हाताऱ्या, विद्वान माणसाला ठाऊक असतं, त्याच्याकडून ते काढून घेतात. गुन्हेगाराच्या हाताखाली एक विचित्र दिसणारा माणूस असतो. मागावर सरकारचा एक देखणा माणूस असतो. आणि सगळं बळ असूनही त्या दुष्टाची कुठेतरी एक दुबळी जागा असते. बाँडचा पहिला सिनेमा 'डॉक्टर नो', १९६२ चा. त्यात तर खलनायकाच्या बेटावर अणुभट्टीच आहे. तारापूरवाल्यांना ती घरचीच वाटावी.

आता 'झपाटलेला' लावून बघा. जगभर बदनाम गुन्हेगार म्हणजे तात्या विंचू. गुपित म्हणजे मृत्युंजय मंत्र. विद्वान म्हातारा म्हणजे बाबा चमत्कार. विचित्र हस्तक म्हणजे कुबड्या खवीस. देखणा सरकारी माणूस म्हणजे सीआयडी इन्स्पेक्टर महेश जाधव. दुबळी जागा म्हणजे दोन भुवयांचा मध्य. एकही खुंटी हललेली नाही. फक्त अणूच्या जागी मंत्र आला आणि क्षेपणास्त्राच्या जागी बाहुला. गोळी लागून मरायला टेकलेला तात्या मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो. जगाला थरथर कापवणारा माणूस फूटदीड फुटाचा होऊन बसतो. हेराच्या सिनेमाची याच्याहून मोठी टर कोणी उडवली असेल असं मला वाटत नाही. आणि गंमत म्हणजे टर उडवतोय असं तो सिनेमा एकदाही सांगत नाही.

कोठारे यांनी हा मार्ग एकदम धरला नाही. लहानपणी 'छोटा जवान'मध्ये काम केलेला हा माणूस १९८५ ला 'धुमधडाका' घेऊन दिग्दर्शक झाला. मग 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज' असे एकामागून एक आले. टकलू हैवान, कवट्या महाकाळ ही नावं तेव्हा पोरांच्या तोंडी देवाच्या नावासारखी होती. प्रत्येक वेळी खलनायक इंग्रजी सिनेमातून निघाल्यासारखा अचाट, आणि त्याच्यासमोर आपला लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. शेजारच्या घरातून निघाल्यासारखा.

इथे मराठी आणि इंग्रजी टर वेगळी होते. माझा नातू मोबाईलवर हिंदीत 'जॉनी इंग्लिश' बघतो. त्याचाही दुसरा भाग आहे, २०११ चा. त्यातला रोवन अ‍ॅटकिन्सन हा गुप्तहेरच स्वतः येडा आहे. बंदूक उलटी धरतो, चुकीच्या माणसाला धरतो, आणि हसू येतं. मीही हसलो. पण आपल्याकडे गुप्तहेर येडा नसतो. महेश जाधव अगदी कडक आहे, इस्त्री मोडत नाही. येडा त्याच्या शेजारी उभा असतो. ही आपली जुनी मांडणी आहे. वगात राजा ताठ असतो आणि शेजारी सोंगाड्या. राजा हुकूम देतो, सोंगाड्या त्या हुकमाची सालं काढतो. राजाने स्वतःच विनोद केले तर सोंगाड्याने करायचं काय? दादा कोंडके यांनी १९७१ साली सिनेमा काढला तोच 'सोंगाड्या' नावाचा, ते उगाच नाही. कोठारे यांनी स्वतः राजाची भूमिका घेतली आणि सोंगाड्याची जागा लक्ष्मीकांतला मोकळी दिली. दिग्दर्शक स्वतः नट असला की असली जागा सोडवत नाही. यांनी सोडली, हे मोठेपण मानायला पाहिजे.

दुसरी गोष्ट भीतीची. टर उडवणारे सिनेमे पुष्कळ निघतात आणि पहिल्या पावसात वाहून जातात. कारण त्यांच्यात कोणालाच भीती वाटत नसते. सगळेच डोळा मारत असतात. 'झपाटलेला'त तात्या विंचू कधीही डोळा मारत नाही. दिलीप प्रभावळकर यांनी त्याला जो आवाज दिलाय तो ऐका. तो आवाज स्वतःला बाहुला समजतच नाही. आपण अजून तोच मोठा गुन्हेगार आहोत, ही काय आफत आली, अशा संतापाने तो बोलतो. चिमणराव करणारा, पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी करणारा हाच माणूस, यावर आमच्या घरातल्या बायका अजून विश्वास ठेवत नाहीत. आणि बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव महाराष्ट्राला आधीच ठाऊक होता. बोलका बाहुला म्हणजे हसवणारा बाहुला, ही आमच्या डोक्यातली समजूत. तीच समजूत पाध्ये आणि कोठारे यांनी उलटी करून वापरली. हसवायला आणलेला बाहुला मान वळवून बघतो तेव्हा पाठीला काटा येतो.

अमेरिकेत १९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' नावाचा सिनेमा आला होता. त्यातही गुन्हेगाराचा जीव बाहुल्यात शिरतो. कोठारे यांनी कल्पना तिथून उचलली, हे उघड आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मिरची तरी आपली कुठे होती? समुद्रातून आली, आज तिच्याशिवाय आपलं कालवण होत नाही. विचारायचं ते एवढंच, की आणलेलं रोप इथल्या मातीत धरलं का? धरलं. अमेरिकेतला बाहुला दुकानातून येतो आणि लहान पोराच्या हातात पडतो. इथे तो बाहुल्यांचे खेळ करून पोट भरू बघणाऱ्या एका गरीब पोराच्या हातात पडतो. तिथे खेळणं, इथे रोजीरोटीचं साधन. बाहुलाच नीट चालला नाही तर लक्ष्याच्या घरात चूल पेटायची नाही. म्हणून तो हसता हसता जिवाला लागतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. लक्ष्या खरं सांगत असतो आणि कोणी ऐकत नाही. बाहुला बोलतो, बाहुला मारतो, असं तो ओरडून सांगतो. त्यालाच खुनी ठरवतात, त्यालाच वेडा ठरवतात. लक्ष्मीकांतचा चेहरा बघा त्या वेळचा. विनोदी नटाचा चेहरा नाही तो. कचेरीच्या दारातून परत पाठवलेल्या माणसाचा चेहरा आहे.

आमच्याकडे हा प्रसंग सगळ्यांना कळतो. खाडीला मासळी उलटी होऊन पडली, हे सांगायला आमच्या ओळखीचा एक मच्छीमार एका कचेरीत गेला होता. त्याला विचारलं, पुरावा काय? त्याने दुसऱ्या दिवशी टोपलीभर मेलेली मासळी नेली. तर म्हणाले, ही तिथलीच कशावरून? तो घरी येऊन हसत हसत सांगत होता, "मला लक्ष्या केला त्यांनी." बघा, सिनेमा असा भाषेत शिरतो. टीका करणारे कितीही लिहोत, ज्या सिनेमातला माणूस लोकांच्या बोलण्यात क्रियापद होऊन बसला, त्याला मोडीत काढता येत नाही.

हे सिनेमे आम्ही थिएटरात कमी आणि अंगणात जास्त पाहिले. सत्यनारायणाची पूजा झाली की रात्री भाड्याचा व्हीसीआर यायचा. वर्गणी काढून तीन कॅसेटी. पहिली धार्मिक, म्हाताऱ्यांसाठी. दुसरी हिंदी, मारामारीची. आणि तिसरी लक्ष्याची, कारण पहाटेच्या वेळी जागं ठेवायची ताकद फक्त त्याच्यात होती. बोईसरच्या कारखान्यांत दुसरी पाळी करून आलेली पोरं डबा न ठेवता तिथेच बसायची. एमआयडीसीत तेव्हा बिहारपासून ओडिशापर्यंतचे कामगार. त्यांना मराठी कळायची नाही. पण बाहुल्याने मान वळवली की तेही मागे सरकायचे आणि लक्ष्याने डोळे फिरवले की तेही हसायचे. पुढे हाच सिनेमा हिंदीत 'खिलौना बना खलनायक' नावाने आला. आमच्या अंगणाने त्याचं हिंदी आधीच करून ठेवलं होतं.

आता दुसऱ्या भागाकडे येतो.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. दुसरा भाग आला २०१३ ला, पहिल्यानंतर वीस वर्षांनी आणि लक्ष्यानंतर साडेआठ वर्षांनी. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून त्याची जाहिरात झाली. चष्मा लावून आम्ही तो बघितला. खरं सांगतो, सिनेमा म्हणून तो पहिल्याच्या खांद्याला लागत नाही. थ्रीडीच्या नादाने वस्तू आपल्या अंगावर फेकायची हौस जास्त झाली आहे. एकदा दचकतो, दुसऱ्यांदा हसतो, तिसऱ्यांदा कंटाळतो. प्रेमाची भानगड लांबवली आहे. जत्रेचा पसारा इतका रंगीत झालाय की पहिल्या भागातली ती श्रीरंगपूरची घरं, तो अंधार, ती गरिबी हरवली. आणि बाहुला बोलतो जास्त. भिवविणारा जितका गप्प राहील तितका बरा. साप फुत्कारत बसला तर माणूस काठी शोधतो. तो दिसेनासा झाला तरच झोप उडते.

मकरंद अनासपुरे विनोदाची बाजू धरून ठेवतात, पण त्यांचा विनोद जिभेचा. लक्ष्मीकांतचा विनोद भीतीतून निघायचा. गळ्यापर्यंत पाणी आलेला माणूस जे बोलेल ते. तो फरक राहतोच.

एवढी खोट असून लोक तो का बघतात? त्याचं उत्तर मला सिनेमात सापडलं नाही, बोहाड्यात सापडलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जिल्ह्याच्या डोंगरी अंगाला, जव्हार-मोखाड्याकडे, होळीनंतर उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात. गणपती येतो, शारदा येते, मग राक्षस, वीर, देव एकामागून एक, आणि शेवटी देवीची आणि महिषासुराची लढाई. संबळाच्या ठेक्यावर पाय पडतो. अमुक सोंग अमुक घराण्याने घ्यायचं, असा मान ठरलेला असतो. कथा सगळ्यांना पाठ. महिषासुर मरणार हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक. तरी दरवर्षी लोक अंथरूण घेऊन येतात. मुखवटा समोर आला की तेच पोर आईच्या पदरात शिरतं, आणि मुखवटा पुढे गेला की खदखदून हसतं. भीती आणि हसू एकाच मुखवट्यात. टर टर म्हणतात ती याच्याहून वेगळी काय असते?

आमच्या वाडीवर मिरचीच्या हंगामात त्या बाजूचे एक काका कामाला यायचे. त्यांच्या घराकडे रावणाच्या सोंगाचा मान. मुखवटा इतका अवजड की दुसऱ्याची मान मोडेल. काका तो घालून असे नाचायचे की वाटावं दहा तोंडांना दहा माणसं आहेत. त्यांचंच बोलणं ऐकून मी तिकडे बोहाडा बघायला जायला लागलो. काका गेले. त्यांचा मुलगा बोईसरला कंपनीत, पाळीत. त्या वर्षी लोकांत कुजबुज होती, सोंग येणार की घराण्याचा मान सुटणार. मुलगा दोन दिवसांची सुट्टी टाकून आला. मुखवटा चढवला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने पहिल्या चार पावलांत निकाल दिला, "बापासारखा पाय पडत नाय याचा." खरंच पडत नव्हता. कंपनीत आठ तास एका जागी उभं राहणाऱ्याचा पाय तो. पण ती म्हातारी उठून गेली का? नाही. रावण आत जाईपर्यंत बसली, आणि तो आत जाताना तिने हात जोडले. ते हात तिने कुणाला जोडले, बापाला, मुलाला की मुखवट्याला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

'झपाटलेला २' लोक असाच बघतात. बापासारखा पाय पडत नाही असं म्हणत बघतात. पण उठून जात नाहीत.

कारण त्या सिनेमाने एक गोष्ट सरळ केली. लक्ष्या नाही, हे लपवलं नाही. दुसरा कोणी नट आणून त्याला लक्ष्या म्हटलं नाही. गोष्टीतच लक्ष्या वारलेला आहे. तात्या विंचू पुन्हा जागा होतो, त्याला बाहुल्यातून सुटायला लक्ष्या हवा असतो, आणि लक्ष्याच नाही. मग तो लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो. बघणाऱ्याच्या मनात जी पोकळी होती, तीच खलनायकाची अडचण करून टाकली. आपणही लक्ष्याला शोधतोय, तात्याही लक्ष्याला शोधतोय. दोघांनाही तो सापडत नाही. मराठी सिनेमाने गेलेल्या नटाची याच्याहून प्रामाणिक आठवण काढलेली मला तरी आठवत नाही. मधू कांबीकर, पहिल्या भागातली लक्ष्याची आई, दुसऱ्या भागातही आहे. ती पडद्यावर आली की आमच्या घरात एकदम शांतता होते. मुलगा गेला, आई आहे. हे सिनेमात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक. लक्ष्याच्या मुलाचं, आदित्य बोलकेचं काम आदिनाथ कोठारे यांनी केलं. म्हणजे पडद्यावर तो सोंगाड्याचा मुलगा, आणि घरात तो शीआयडीचा मुलगा. महेश जाधव पडद्यावर उभा आहे, वयाने मोठा झालेला, आणि ज्याला वाचवायचं तो त्याचा खरा पोटचा पोर, मित्राचा मुलगा म्हणून. लोकांनी घराणेशाही म्हणून नाक मुरडलं. मी वेगळं वाचतो. राजाने आपला मुलगा सोंगाड्याच्या घरी दत्तक दिला. सिनेमाच्या धंद्यात इन्स्पेक्टरचा वारस इन्स्पेक्टर करणं सोपं होतं. पण वारसा चालवायचा तर तो येड्याचा चालवायला पाहिजे, शहाण्याचा नाही, हे कोठारे यांना कळलं. पाध्यांच्या घरातही तेच आहे. यशवंत, रामदास, आता सत्यजित, तिसरी पिढी बाहुल्यात हात घालते. हात बदलतो, बाहुला बोलत राहतो.

आमच्या केळीच्या बागेत लोंगर काढलं की आई-झाड तोडतात. तिच्या बुडातलं पिल्लू राखतात. पिल्लाचं लोंगर आईएवढं येईलच असं नाही. कधी येतं, कधी चार फण्या कमी. पण ते त्याच मुळावरचं असतं, तीच चव असते. म्हणून शेतकरी पहिल्या वर्षीच पिल्लू उपटून टाकत नाही. सिनेमाच्या दुसऱ्या भागाला मी याच मापाने मोजतो. चार फण्या कमी आहेत. मूळ तेच आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. २०२४ साली 'झपाटलेला ३'ची घोषणा झाली. लक्ष्मीकांत यांना एआयच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धीच्या यंत्राच्या मदतीने पडद्यावर परत आणायचा विचार कोठारे यांनी बोलून दाखवला. आमच्याकडची तरुण पोरं खूश झाली. मोबाईलवर त्यांनी अशी चित्रं बघितलीच आहेत, गेलेला आजोबा हात हलवतोय, आजी हसतेय. त्यांना वाटतं, लक्ष्या परत येणार. मित्राची आठवण म्हणून कोठारे यांना तसं वाटलं असेल, तर त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. ज्याच्याबरोबर निम्मं आयुष्य काम केलं तो माणूस पुन्हा एकदा शेजारी उभा राहावा, असं कुणाला वाटणार नाही?

पण मला त्यांचाच सिनेमा आठवतो. मेलेल्या माणसाचा जीव दुसऱ्या वस्तूत घालायचा, मंत्र म्हणायचा, आणि तिच्यातून बोलायचं, हे काम त्या गोष्टीत कोणाचं आहे? तात्या विंचूचं. आणि सगळा सिनेमाभर त्यापासून जीव घेऊन पळतो कोण? लक्ष्या. आपलं शरीर दुसऱ्याने वापरू नये म्हणून तो ओरडतो, भितो, आपल्याला हसवतो. त्याच लक्ष्याचा चेहरा यंत्राने चालवायचा, त्याने कधी न उच्चारलेले शब्द त्याच्या तोंडी घालायचे, तर आपण कोणाची बाजू घेतली?

काकांचा रावण यंत्राने नाचवता येईल, एक दिवस तेही होईल. पाय अगदी काकांसारखा पडेल. म्हातारी फसेलही. पण मग त्या मुलाने कंपनीतून सुट्टी कशाला टाकायची? चुकतमाकत का होईना, मान कोणी मोडून घ्यायची? बोहाडा टिकला तो काका थोर होते म्हणून नाही. काका गेल्यावर त्यांच्याहून कमी नाचणारा माणूस मुखवट्याखाली शिरला आणि लोकांनी त्याला सांभाळून घेतलं म्हणून टिकला. कमी नाचणाऱ्याला जागा देणं, याचंच नाव परंपरा. उत्तम नाचणाराच कायम नाचत राहिला, तर बाकीच्यांनी नुसतं तिकीट काढायचं.

हेरांच्या सिनेमाला हे कधीच कळलेलं आहे. बाँड करणारे किती आले आणि गेले. शॉन कॉनरी गेला, रॉजर मूर आला, आणखी आले. लोकांनी प्रत्येक वेळी नाकं मुरडली आणि प्रत्येक वेळी थिएटर भरलं. कारण बाँड हेही एक सोंगच आहे. कोट तोच, आतला माणूस दुसरा. लंडनवाल्यांनी आपला बोहाडा साठ वर्षं चालवला. आपण आपल्या लक्ष्याची जागा एका नव्या, जिवंत, घाबरणाऱ्या पोराला द्यायला का कचरतो?

तात्या विंचूचं बरं आहे. तो बाहुला आहे, त्याला वय नाही. पुढच्या भागातही तो मान वळवून बघेल आणि माझा नातू उशीमागे तोंड लपवेल. पण बाहुल्यासमोर घाबरायला माणूसच लागतो, हाडामांसाचा, घाम फुटणारा. लक्ष्मीकांत बेर्डे यांचं मोठेपण त्यातच होतं. लाकडाच्या तुकड्यासमोर ते खरे घाबरले, म्हणून तो तुकडा खरा झाला. यंत्राला घाबरता येत असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल, तर पालघरच्या एखाद्या गल्लीत, बोईसरच्या एखाद्या चाळीत, पाळी संपवून नाटकाच्या तालमीला धावणारा कोणी पोरगा असेल, त्याला बोलवा. बापासारखा पाय नाही पडला तरी आम्ही बसून राहू.